उशिरा आलेल्यांच्या मॅडम

कॅम्पातल्या मैदानाजवळून संध्याकाळी स्कूटर नेताना माझा हात आपोआप ढिला पडतो. मागची गाडी हॉर्न देते. मैदानावर आता बहुतेक क्रिकेट चालतं, कडेकडेनं साखर वाढलेली माणसं चालत असतात. मला त्यांच्याकडं बघायचं नसतं. पलीकडच्या झाडाखाली पालथ्या बादलीवर बसून, उजवा पाय लांब पसरून एक बाई ओरडते आहे का, एवढंच बघायचं असतं. ती तिथं नसणार हे मला माहीत आहे. कांबळे मॅडमना जाऊन दोन वर्षं होत आली. तरी स्कूटर हळू होते.

मॅडम आमच्या पीयू कॉलेजात, म्हणजे अकरावी-बारावीला, खेळाच्या शिक्षिका होत्या. नाव रत्नमाला. गाव निपाणी. उंची बेताची, खांदे रुंद, केस मागं इतके घट्ट बांधलेले की कपाळ ओढल्यासारखं दिसायचं. पंजाबी ड्रेस आणि पांढरे कॅनव्हासचे बूट. गॅदरिंगला साडी नेसून आल्या तरी पायात तेच बूट. गळ्यात शिट्टी असायची, पण ती वाजवलेली मी फारशी ऐकली नाही. "शिट्टी मारून जनावर बोलवत्यात. माणसाला नाव असतंय," असं म्हणायच्या. आणि गंमत म्हणजे आमची नावं त्या कधीच घेत नसत. गावाच्या नावानं हाक मारायच्या. "येळ्ळूर, खाली वाक गं." "कडोली, झोपलीस काय उभ्या उभ्या?" मी येळ्ळूरची, म्हणून मी येळ्ळूर. माझं नाव वनिता आहे हे त्यांना ठाऊक होतं की नाही, मला पहिलं वर्षभर शंका होती.

त्यांची माझी गाठ बसमध्ये पडली. आमच्या गावात कुणाच्या तरी बारशाला त्या आल्या होत्या आणि सकाळच्या बसनं परत निघाल्या होत्या. मी नेहमीप्रमाणं उशीर केलेला. बस स्टँडवरून सुटली ती मी आमच्या गल्लीच्या तोंडातून पाहिली आणि दप्तर छातीशी धरून पळत सुटले. शेवटच्या घरांपाशी मी बस गाठली, पत्र्यावर थापा मारल्या, कंडक्टर शिव्या देत थांबला. आत चढून दांड्याला धरून उभी राहिले, तर खिडकीजवळची एक बाई माझ्या तोंडाकडं न बघता माझ्या पायांकडं बघत होती.

"कुठला खेळ खेळतीस?"

"कुठलाच न्हाय."

"शाळेत?"

"शाळेत पण न्हाय."

"बरं झालं. म्हणजे मोडायला वाईट सवयी न्हाईत." त्या जरा सरकल्या. "बस हितं. कुठल्या कॉलेजला?"

मी कॉलेजचं नाव सांगितलं, तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या. मी सतरा पूर्ण करून अठरात चालले होते. आठवीत तापानं माझं एक वर्ष गेलं होतं, म्हणून वर्गातल्या मुलींपेक्षा थोराड दिसायचे. मॅडम हॉकी शिकवायच्या, आणि हॉकी मी टीव्हीवरसुद्धा धड पाहिली नव्हती. बेळगावात हॉकीचं वेड जुनं, पण ते कॅम्पातल्या आणि शहरातल्या शाळांच्या मुलींचं. त्या तिसरी-चौथीपासून हातात स्टिक धरतात. आमच्यासारख्या गावाकडच्या मुली कॉलेजला आल्या की सरळ लायब्ररीत, तिथून बसस्टँडवर.

मॅडमनी नेमक्या अशाच मुली गोळा केल्या होत्या. कडोलीची शारदा, खानापूर रस्त्यावरच्या दोघी बहिणी, अशा आम्ही. कुणी अठराची, कुणी सतराची, कुणाच्याच अंगात खेळ नाही. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "मॅडम, आता ह्या वयात काय जमणार?" तर त्या म्हणाल्या, "उशीर झाला तर झाला. पंगत अजून उठली न्हाय. बसायचं आणि जेवायचं. आधी आलेल्यांच्या पानात बघायचं न्हाय."

जेवणाची भाषा त्यांच्या तोंडी सारखी असायची. स्टिकचा दांडा घट्ट धरला की म्हणायच्या, "पळी धर, पळी. उलथनं न्हवं ते." बॉल पायाखालून निसटला की, "उतू गेलं बघ." पिशवीत कायम शेंगदाणे आणि गूळ. सरावानंतर प्रत्येकीच्या ओंजळीत त्या स्वतः घालायच्या, आणि जिनं त्या दिवशी जास्त चुका केल्या तिला जास्त. "तिचं रक्त जास्त आटलंय," हे कारण. खेळ रंगात आला की मात्र त्या कानडीत शिरायच्या. "बिडु, बिडु" म्हणजे सोड, बॉल सोड, पास दे. मराठीत "सोड" म्हणेपर्यंत बॉल जातो, असं त्यांचं म्हणणं.

घरी मी सांगितलंच नव्हतं. जादा तास आहेत म्हणत होते. मग एक दिवस बॉल नडगीवर बसला, पाय सुजला आणि सगळं बाहेर आलं. आप्पा म्हणाले, "लगनाच्या वयात काठ्या घेऊन पळायलीस? उद्या पाय मोडला तर कोण बघंल?" झालं, बंद. मी कॉलेजला जायची, पण मैदानाच्या बाजूला फिरकायची नाही.

चौथ्या-पाचव्या दिवशी मॅडम आमच्या दारात. पोत्यावर वाळत घातलेलं भात ओलांडून, ते कॅनव्हासचे बूट बाहेर नीट जोडून ठेवून त्या सोप्यात बसल्या. आत्या माहेरपणाला आलेली होती. तिनं आधी पाणी दिलं, मग विचारलं, "तुमी निपाणीच्या कुठल्या म्हणायच्या?"

मॅडमना प्रश्न कळला. अशा प्रश्नाचं उत्तर त्या आयुष्यभर देत आल्या असणार. "आंबेडकर नगरातल्या," त्या म्हणाल्या. "आई बिड्या वळायची माझी."

आत्या उठून परसात गेली ती आलीच नाही. आईनं चहा टाकला. रोजच्या कपांतला एक मॅडमना दिला, एक स्वतः घेतला आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसून प्यायली. आई पाहुण्यांसमोर कधी चहा पीत नसे. त्या दिवशी प्यायली.

मॅडमनी आप्पांशी खेळाचं अक्षरही काढलं नाही. आईला विचारलं, "भांगलायला जाती न्हवं ही तुमच्यासंगं?"

"जाती की. रविवारचं."

"कंबर दुखती म्हणती?"

"न्हाय बाई. वाकली की बांध येईस्तवर वर बघत न्हाय. तेवढं एक बरं हाय तिचं."

"तेवढंच पायजे मला," मॅडम म्हणाल्या. "शहरातल्या पोरी पळत्यात झकास, पण वाकायला नको त्यास्नी. ही बॅकला उभारली की बॉल फुडं जात न्हाय." मग आप्पांकडं वळून म्हणाल्या, "पायाला जपायची जबाबदारी माझी. माझा एक गेलाय, दुसरीचा जाऊ देणार न्हाय."

दुसऱ्या दिवशी मी संध्याकाळच्या बसनं येते म्हटल्यावर आप्पांनी फक्त "छत्री घे" एवढं सांगितलं. मॅडम त्या घरभेटीबद्दल पुन्हा कधी बोलल्या नाहीत. एकदाच म्हणाल्या, "तुझी आई चहा चांगला करती."

"माझा एक गेलाय" म्हणजे गुडघा. उजवा. त्याला त्या कायम पट्टी बांधायच्या, आणि आभाळ आलं की आमच्याआधी त्यांना कळायचं. तो कसा गेला हे आम्हाला माहीत नव्हतं. विचारायची छाती नव्हती.

ते कळलं एका संध्याकाळी. भाताची कापणी चालू होती, निम्म्या मुली शेतात, सरावाला आम्ही मोजक्या. दोन बाजू होत नव्हत्या. मॅडम बराच वेळ बादलीवर बसून आमचं रडगाणं बघत होत्या. मग उठल्या, ओढणी कमरेला आवळली आणि माझ्या हातातली स्टिक घेतली. "तू गोलात जा," म्हणाल्या.

पुढचं मी गोलातून पाहिलं. मॅडम खाली वाकल्या आणि त्यांचं वय कुठं गेलं कळलं नाही. बॉल त्यांच्या स्टिकला चिकटल्यासारखा चालला होता. शारदा आडवी आली, तिला त्यांनी खांद्यानं नुसती हूल दिली. शारदा एका बाजूला, मॅडम दुसऱ्या. त्या माझ्याकडं येत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं जे मी बादलीवरच्या मॅडमच्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं. लहान मुलीला सुट्टीच्या दिवशी सकाळी जाग येते तेव्हा असतं तसं. त्यांनी मारलेला बॉल मला दिसलाच नाही. मागं गोलाच्या फळीचा आवाज आला तेवढाच.

असं थोडा वेळ चाललं. मग एका वळणावर पाय फिरला आणि त्या खाली बसल्या. आम्ही धावलो. तर त्या गवतात बसून हसत होत्या, गुडघा दोन्ही हातांनी दाबून.

त्या दिवशी शेंगदाणे वाटता वाटता त्यांनी सांगितलं. त्याही एकोणिसाव्या वर्षी खेळायला लागल्या होत्या. निपाणीहून बेळगावला कॉलेजला आल्या, वसतिगृहात राहिल्या. एकदा मैत्रिणीची विसरलेली पाण्याची बाटली द्यायला मैदानावर गेल्या. गोलकीपर आली नव्हती, म्हणून सरांनी यांनाच पॅड बांधून उभं केलं. "काय कळत न्हवतं मला. बॉल आला की अंगावर घ्यायचा, एवढंच. संध्याकाळी सगळं अंग काळंनिळं, आणि मी रात्रभर जागी. भ्यानं न्हवं. उद्या परत कधी संध्याकाळ होती म्हणून."

पुढं त्या फॉरवर्ड झाल्या. युनिव्हर्सिटीच्या टीममध्ये गेल्या. आणि तिथंच एका मॅचमध्ये गुडघा गेला. "ऑपरेशन करायची ऐपत न्हवती आणि सांगणारंबी कोण न्हवतं. दोन वर्षं खेळले. दोनच." त्यांनी गुळाचा खडा तोंडात टाकला. "अजून सपनात येतंय. बॉल येतोय, मोकळा हाय, आणि माझा पाय उचलत न्हाय."

शारदा म्हणाली, "मॅडम, लहानपणी सुरू केलं असतं तर तुम्ही कुठल्या कुठं गेला असता."

मॅडमनी जरा विचार केला. "कुठं जायचंय गं? अजून थोडं खेळले असते."

मी तेव्हा हे वाक्य नुसतं ऐकलं. आता चाळिशीकडं जाताना ते अधूनमधून येऊन बसतं जवळ.

त्या वर्षीच्या स्पर्धेत आमची धूळधाण झाली होती. किती गोल बसले हे आम्हीच एकमेकींना सांगत नव्हतो. पण दुसऱ्या वर्षी आम्ही चक्क उपांत्य फेरीत पोचलो. समोर शहरातलं कॉलेज, त्यांच्या पोरी दात पडायच्या वयापासून खेळणाऱ्या. आणि ऐन त्या आठवड्यात शारदाचं लग्न ठरलं. सासर हिंडलग्याचं. होणाऱ्या सासूनं निरोप धाडला की ठरलेल्या पोरीनं मैदानावर उघड्या पायांनी पळू नये, चार माणसं बघतात. शारदा आमची एकुलती एक गोल मारणारी. ती मैदानावर आली ती रडतच.

आम्हाला वाटलं, मॅडम आता चिडतील. त्या चिडल्या नाहीत. कॉलेज सुटल्यावर एकट्याच हिंडलग्याला गेल्या. काय बोलल्या ते सासूनंच नंतर शारदाला सांगितलं. म्हणाल्या होत्या, "मी परवानगी मागायला आले न्हाय. मॅच बघायला बोलवायला आलेय. बघून मग नको म्हणा."

आणि सासू आली. हिरवं लुगडं, डोईवर पदर, हातात पिशवी. मॅडमनी आपली बादली तिला बसायला दिली आणि स्वतः शेजारी उभ्या राहिल्या. सुरुवातीला ती बाई पदर तोंडाला लावून बसली होती. मग तिनं शेंगदाणे घेतले. मग मॅडमना विचारायला लागली, "ती काळी चोळीवाली आमच्या पोरीला का आडवायली सारकी?" समोरच्या टीमचे शर्ट काळे होते. हाफ टाइमनंतर त्यांच्या एका बॅकनं शारदाच्या घोट्यावर स्टिक मारली आणि शारदा पडली. पंचानं दुर्लक्ष केलं. आम्ही काही म्हणायच्या आत सासू उठून सरळ मैदानात. "ओ सायेब," ती पंचाला म्हणाली, "पोरगी आमच्या घरात यायची हाय. धड पाठवा." पंच गोंधळला. मैदानावरच्या दोन्ही टीम हसत होत्या. मॅडमनी जाऊन तिचा हात धरून परत आणलं. तेव्हा मॅडमही हसत होत्या, तोंड फिरवून.

शारदानं त्यानंतर गोल मारला. सासू बादलीवर उभी राहिली. खरंच उभी राहिली, आणि मॅडमनी तिला कमरेला धरून ठेवलं होतं, पडू नये म्हणून. ते चित्र माझ्याजवळ फोटोसारखं आहे, कुणी फोटो काढला नव्हता तरी.

आम्ही हरलो. एका गोलानं, अगदी शेवटाला. ज्या पोरी इतकी वर्षं खेळत होत्या त्या दमल्या नव्हत्या, आम्ही दमलो होतो. त्यात रडण्यासारखं काही नव्हतं, पण आम्ही रडलो. सासू शारदाचा घोटा चोळत मॅडमना विचारत होती, "फुडली मॅच कधी?"

बाद फेरी, पुढची मॅच नव्हती. "फुडल्या वर्षी," मॅडम म्हणाल्या.

पुढल्या वर्षी शारदा दोन जिवांची होती. दोघी बहिणींपैकी एक पुण्याला नर्सिंगला गेली, दुसरीचं लग्न झालं. मी पदवीला मॅडमच्या ओळखीनं दुसऱ्या टीममध्ये खेळले, बऱ्यापैकी खेळले, आणि मग बँकेत लागले. स्टिक माळ्यावर गेली. मॅडम नव्या मुली गोळा करत राहिल्या. दरवर्षी गावं बदलायची, हाका त्याच. रस्त्यात कधी भेटल्या तर माझ्या नवऱ्यासमोर, मुलीसमोर, भर बाजारात, "काय येळ्ळूर?" म्हणायच्या. नवऱ्याला वाटायचं हे आडनाव आहे.

निवृत्त होऊन त्या निपाणीला गेल्या. लग्न केलं नव्हतं, आई जाऊन बरीच वर्षं झालेली. मग कळलं किडनीचं काहीतरी आहे. एका शनिवारी बँक सुटल्यावर मी गेले. भावाच्या घराला लागून एक खोली, स्वच्छ, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि खाली टीमचे दोन-तीन फोटो, त्यात आमचाही. मॅडम निम्म्या झाल्या होत्या. पण केस तसेच घट्ट.

एकेकीची चौकशी केली. कडोली काय करते, तिची सासू आहे का. आहे म्हटल्यावर बरं वाटलं त्यांना. मग म्हणाल्या, "आणि तू? खेळतीस?"

"वेळ कुठं मिळतोय मॅडम."

त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी नुसती मान हलवली आणि खिडकीकडं पाहिलं. ते रागावण्यापेक्षा जड गेलं. जरा वेळानं त्याच म्हणाल्या, "तू चारेक वर्षं तरी खेळलीस. मला तेवढंबी मिळालं न्हवतं. माझ्यापेक्षा तुझं जास्त झालं, ह्याचं मला बरं वाटतं बघ." मी त्यांचा हात हातात घेतला. तळव्यावर काही घट्टे राहिले नव्हते, मऊ लागला.

नको नको म्हणत असताना त्या मला बसपर्यंत सोडायला आल्या. काठी टेकत, सावकाश. रस्त्याला लागून मोकळी जागा होती आणि तिथं दोन खांबांना जुनी जाळी बांधून मुली व्हॉलीबॉल खेळत होत्या. मोठ्या मुली, कॉलेजच्या. खेळ काही धड नव्हता. बॉल जास्त वेळ जाळीतच अडकत होता, आणि प्रत्येक वेळी त्या मोठ्यानं हसत होत्या. ऊन उतरलं होतं. मॅडम तिथं थांबल्या.

"बस आली मॅडम."

"हं. जा तू. सावकाश जा."

मी त्यांच्या पाया पडले, चढले, पळत जाऊन मागची खिडकी धरली आणि हात बाहेर काढला. मॅडमची माझ्याकडं पाठ होती. काठी बगलेत धरून, दोन्ही हात मोकळे ठेवून त्या जाळीकडं बघत उभ्या होत्या. एक बॉल चुकून रस्त्याच्या बाजूला येत होता आणि त्यांचा डावा पाय किंचित पुढं झाला होता. बस वळली, आणि बॉल त्यांच्यापर्यंत पोचला की नाही ते मला दिसलं नाही.